खिंडीच्या आधी लागलेला फ्लेक्स

डोंगरात किस्सा घडत असतो तेव्हा कुणालाच हसू येत नाही. दम लागलेला असतो, गुडघा कुरकुरत असतो, बाटलीतलं पाणी संपलेलं असतं. घरी येऊन बूट उपडे केले की खडे पडतात ना, तसे किस्से नंतर एकेक करून पडतात. वाटेत ज्या खड्याला शिव्या घातल्या, तोच मग हातात घेऊन आपण चार लोकांना दाखवत बसतो. माझ्याकडे असे बरेच साठलेत. खरं सांगू का, नवीन साठवायची ताकद आता राहिलेली नाही. आहेत तेवढे सांगतो आणि मोकळा होतो.

आधी माणसं सांगतो. मी घोडेगावात तीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेला मास्तर. बबनराव निरगुडसरचे कांदेवाले, आवाज असा की शेजारच्या शिवारातली माणसं उत्तर देतात. आणि शिंदे. हे एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, डबल बेल काही सुटली नाही. सतरा वर्षं आम्ही तिघं महिन्यातला एक रविवार डोंगरात घालवतोय. चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट, भीमाशंकरच्या घाटवाटा, सगळं तुडवून झालंय.

ग्रुपचा नियम एकच, तोही शिंद्यांनी एसटीतून आणलेला. "जेवढी शिटं चढली तेवढी उतरली पाहिजेत!" त्यामुळे प्रत्येक वळणावर थांबून ते मोजणार. "एक, दोन, आन् मी तीन. डबल बेल!" तीन माणसं, त्यातला मोजणारा एक, तरी मोजणार. आणि एक मागे फिरला की सगळ्यांनी फिरायचं. एकदा बबनरावांची म्हैस व्यायला झाली म्हणून घरून फोन आला, तर आम्ही जीवधनच्या पायऱ्यांवरून तिघंही परत. म्हैस व्यायली चौथ्या दिवशी! अर्ध्यातून सोडलेले किल्ले आमच्या नावावर पूर्ण केलेल्यांपेक्षा जास्त असतील.

*

चौथ्या हौसाबाई. तळेघरच्या पुढे डांबर संपतं, तिथून पाऊण तास चाललं की त्यांची वाडी. भात आणि नाचणी करतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेकरना पडवीत जेवू घालतात. पाठीवरची सॅक उतरवायच्या आत त्यांच्याकडून गूळ-पाणी येतं. कुठले, काय, कशाला आलात, हे सगळं नंतर. आमचा निम्मा सह्याद्री त्या भाकरीवर चढून झालाय.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्याच पडवीत ओल्या मोज्यांनी बसलो होतो. मी सहज बोलून गेलो, "वर्गात तीस वर्षं नकाशावर काठी ठेवून दाखवलं. हा हिमालय, ही अन्नपूर्णा, ही थोरांग ला खिंड. काठीचं टोक शेकडो वेळा तिथं जाऊन आलं, मी एकदाही गेलो नाही."

तेवढंच मनात होतं. पाच हजार चारशे सोळा मीटरची ती खिंड एकदा आपल्या पायांनी ओलांडायची. गुडघे अजून हो म्हणत होते, पण किती दिवस म्हणणार होते?

"चला की मग!" बबनराव म्हणाले. "कांदा चाळीत टाकला की एप्रिलात निघू!"

तव्याजवळून हौसाबाईंनी विचारलं, "तितं जेवाया कोन घालतं?"

मी सांगितलं. तंबू-बिंबू काही लागत नाही. डोंगराला वळसा घालणारी पंधराएक दिवसांची वाट आहे, आणि वाटेवर दर दोन-चार तासांनी एक घर लागतं. घरची बाई जेवायला घालते, झोपायला खाट देते. टीहाउस म्हणतात.

हौसाबाईंची भाकरी हातातच राहिली. "म्हंजी माझ्यावानी बाया?"

"हो."

"मग मला बगायचंय."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "मागं दोन खोल्या काडायचं चाललंय माजं. पावनं ऱ्हायले तर काय करायचं, कसं करायचं, बगून तरी येते. नेपाळाला मतदान कार्ड चालतं म्हनं. माज्याकडं हाय."

कोपऱ्यात त्यांचे मालक दोरी वळत बसले होते. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा मान वर न करता म्हणाला, "न्यावा. मी तिला न्हाई म्हनून बगितलंय मागं एकदोनदा. उपेग न्हाई."

*

बुटांचं सांगतो. मी हौसाबाईंना चांगले ट्रेकिंगचे बूट घेऊन दिले. त्या म्हणाल्या, "लई झ्याक हायेत," आणि नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले.

चालायला लागलो तेव्हाही गळ्यातच. पायात प्लास्टिकच्या चपला! पहिला दिवस झाला, दुसरा झाला. समोरून येणारे गोरे थांबून आधी चपला बघायचे, मग बूट बघायचे आणि मग आमच्याकडे संशयाने बघायचे.

तिसऱ्या दिवशी मी वैतागलो. "हौसाबाई, बूट पायात घालायचे असतात!"

"नवं हायेत सर. दगडात कशाला झिजवू? लागंल तवा घालीन."

माझ्या पायातल्या महागड्या बुटाने एव्हाना दोन नखं काळी केली होती.

*

आता बबनरावांचं. तिकडे टीहाउसला डाळभात मागितला की वाढत राहतात. भात, डाळ, भाजी, पुन्हा भात. पोट भरेपर्यंत. बबनरावांना हे कळल्यावर त्यांनी दुपारचं जेवण मुद्दाम अर्धवट सोडलं. म्हणाले, "रातच्याला दावतो!"

संध्याकाळी घरची दिदी भाताचं पातेलं घेऊन आली. बबनराव काय म्हणाले असतील? आपल्याकडे पंगतीत काय म्हणतात? ताटावर दोन्ही हात आडवे धरले, मान हलवली, "नको नको, बास बास!"

आपल्याकडे वाढणारा समजून घेतो. तो म्हणतो, "असं कसं, घ्याच!" मग आपण म्हणायचं, "नको हो, लई झालं." तिसऱ्यांदा तो बोटांच्या फटीतून भात सोडतो आणि आपण "अहो काय हे!" म्हणत खातो. ती बिचारी नेपाळी बाई. तिला नको म्हटलं, तिने मान डोलावली आणि पातेलं घेऊन गेली. नुसती गेली नाही, भांडी घासायला टाकली!

बबनराव बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "सर, आग्रह करीत न्हाईत का हितं?"

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस दिदी चुलीपासून उठायच्या आत ताट पुढे धरून उभा! बसलेला नाही, उभा!

*

हौसाबाईंना बसून जेवायला जमायचं नाही. टीहाउसच्या हॉलमध्ये टेबल, बाक, मेनूकार्ड. त्या दोन मिनिटं बाकाच्या कडेवर टेकायच्या आणि तिसऱ्या मिनिटाला स्वयंपाकघरात. आमचा गाइड फुर्बा हिंदीत समजवायचा, "दीदी, आप गेस्ट हो!" त्यांना गेस्ट म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. गेली चौदा वर्षं त्याच तर गेस्टना जेवू घालत होत्या.

एका गावात बराच वेळ झाला, जेवण येईना. मी आत डोकावलो. चुलीपाशी दोघी. घरची दिदी कढईत काळपट पीठ घोटत होती आणि हौसाबाई पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. मला बघून ओरडल्या, "सर! नाचनी! ही तर आपली नाचनी हाय!"

एवढ्या लांब येऊन त्यांना माहेरचं माणूस भेटावं तसं झालं होतं. दिदी त्या पिठाचा घट्ट गोळा करून डाळीबरोबर खाते हे कळल्यावर मात्र तोंड वाकडं झालं. त्यांनी दिदीला बाजूला सरकवलं, पाणी उकळून पीठ मळलं आणि हातावर भाकरी थापली. दिदी बघतच राहिली. मग तिने थापून बघितली, फाटली. पुन्हा थापली, पुन्हा फाटली. दोघी हसायला लागल्या. एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला नेपाळीशिवाय. पण संपता संपेनात गप्पा!

निघताना फुर्बा म्हणाला, दिदीने त्या दिवशी आमच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत. मी हौसाबाईंना विचारलं, "काय बोलत होतात एवढं?"

"काय न्हाई. तिच्या बी घराला वरनं गळतं. पत्र्याला कायतरी टाकाय पायजे म्हनली."

"हे कळलं कसं तुम्हाला?"

"भांडं ठिवलं व्हतं की खाली!"

*

शिंद्यांचा एकच सांगतो, कारण त्यांचे सगळे सांगायला बसलो तर मला इथेच झोप लागेल.

त्या वाटेवर झुलते पूल आहेत. लांबच लांब लोखंडी दोर, खाली नदी. एका पुलावर पलीकडून खेचरांची रांग आली आणि अलीकडून गोऱ्यांचा मोठा घोळका शिरायला लागला. गोंधळ झाला. खेचरं अडली, खेचरवाला ओरडतोय, गोरे कडेच्या जाळीला चिकटून उभे.

शिंदे पुढे झाले. दोन्ही हात वर केले आणि खच्चून ओरडले, "ओ! आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!"

काय सांगू, सगळे मागे सरकले! कुणाला शब्दाचाही अर्थ कळला नसेल. पण त्या आवाजात पस्तीस वर्षांची सर्व्हिस होती. खेचरं एका ओळीत उतरली. मग शिंद्यांनी गोऱ्यांना एकेक करून आत सोडलं. "चला, पुढं सरका, पुढं जागा हाय, मधी थांबू नका." शेवटी आम्ही. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मोजलं, "एक, दोन, आन् मी तीन. डबल बेल!" आणि चालू पडले. हौसाबाई गळ्यातले बूट सावरत मागून आल्या.

*

मनांग म्हणून गाव आहे, साडेतीन हजार मीटरवर. तिथे एक दिवस मुक्काम करावाच लागतो, शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. माझं तोपर्यंत डोकं जड व्हायला लागलं होतं. पण मास्तर कसला गप्प बसतोय? शेगडीभोवती सगळ्यांना गोळा करून मी हवेचा दाब, प्राणवायू, रक्तातल्या पेशी, सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. हातवारे करून!

हौसाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, कारन कळलं म्हनून डोकं ऱ्हातं का?"

त्यांना तो विसाव्याचा दिवस पटलाच नव्हता. "दमले न्हाई तर इसावा कशाला?" करमेना म्हणून त्यांनी सगळ्यांचे कपडे धुतले आणि दोरीवर टाकले. संध्याकाळी काढायला गेलो तर बबनरावांची पॅन्ट गोठून फळीसारखी झालेली. शिंद्यांनी ती आणून हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी केली. आमच्या चौघांत सगळ्यात ताठ तीच उभी होती.

आणि त्याच हॉलमध्ये वायफाय लागलं. बबनरावांचा फोन टुण टुण वाजायला लागला. त्यांनी बघितलं आणि "आयला!" म्हणाले. नुसता फोन माझ्या हातात दिला.

घोडेगावच्या चौकाचा फोटो होता. चौकातल्या मोठ्या फ्रेमवर फ्लेक्स. वर बर्फाचा डोंगर. खाली आम्ही तिघं, गॉगल लावलेले, गळ्यात कॉम्प्युटरने घातलेले हार. माझा फोटो सगळ्यात मोठा. आणि अक्षरं ही एवढी: "हिमालयातील अतिदुर्गम थोरांग ला खिंड यशस्वीरीत्या सर केल्याबद्दल आंबेगाव तालुक्याच्या सुपुत्रांचे हार्दिक अभिनंदन!"

खिंडीला अजून चार दिवस होते.

फ्लेक्स लावला होता बबनरावांच्या मेहुण्यांनी. अण्णा म्हणतात त्यांना, फ्लेक्स छापायचं दुकान आहे. बबनरावांनी फोन लावला. "अण्णा, आरं आमी अजून खालीच हाय!"

"दाजी, फ्रेम मोकळी व्हती ना!" अण्णा पलीकडून म्हणाले. "परवापासून एकाचा वाढदिवस, मग लग्नसराई. पुढं म्हयनाभर फ्रेम घावत न्हाई. म्हणलं तुमी काय, चढतायच की!"

"आन् न्हाई चढलो तर?"

"कायतरीच काय दाजी! हॉल बुक केलाय सत्काराला."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डोक्याने की फ्लेक्सने, सांगता येत नाही. इतके दिवस खिंड ओलांडायची ती माझी हौस होती. आता ती तालुक्यात आधीच ओलांडून झाली होती, फक्त मी पोचायचा बाकी होतो.

फोन हातोहात फिरून हौसाबाईंकडे गेला. त्यांनी लांब धरून, जवळ धरून फ्लेक्स नीट बघितला. म्हणाल्या, "झ्याक आलाय. कापड जाड दिसतंय."

*

हाय कॅम्पला पोचलो ते मी कसा पोचलो मला आठवत नाही. खिंडीखालचा तो शेवटचा मुक्काम, तिथून फक्त शेवटचा चढ. पहाटे निघायचं, वारा सुटायच्या आत पार व्हायचं.

पहाटे मी एक बूट घातला आणि दुसरा शोधायला लागलो. खाटेखाली बघितलं, सॅकमध्ये बघितलं, शिंद्यांवर चिडलो. शिंदे म्हणाले, "सर, हातात काय हाय?"

दुसरा बूट हातात होता.

फुर्बा लगेच उठला. विरळ हवा बाधली की तोल जातो, म्हणून त्याने मला फरशीच्या रेघेवरून सरळ चालायला सांगितलं. मला वाटलं मी सरळ चाललो. वळून बघतो तर सगळ्यांची तोंडं उतरलेली. मग बाहेर जाऊन ओकलो. फुर्बा म्हणाला, "सरजी, ऊपर नहीं। अभी के अभी नीचे।"

मी भांडलो. या वयात पहिल्यांदा कुणाला हात जोडले. म्हणालो, अरे, फक्त दोन-तीन तासांचं राहिलंय, गावात बोर्ड लागलाय माझा. फुर्बा नुसता मान हलवत राहिला. त्याने त्याच्या चुलत भावाला, आमचं सामान वाहणाऱ्या दाजूला, माझी सॅक उचलायला सांगितली.

मग शिंद्यांनी मोजलं. आवाज अगदी बारीक. "एक, दोन, आन् मी तीन. तीन चढली, तीन उतरनार. चला."

"नियम म्हंजी नियम!" बबनराव म्हणाले आणि मटकन बाकावर बसले. रात्रभर त्यांचाही डोळा लागला नव्हता, तोंड सुजलं होतं. इतक्या आनंदाने नियम पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हौसाबाई कोपऱ्यात खाली बसल्या होत्या. गळ्यातले बूट काढले होते. नाड्यांची गाठ सोडून एकेक बूट पायात चढवत होत्या.

मी म्हणालो, "हौसाबाई, बूट कशाला आता? आपण खाली चाललोय."

"तुमी चाल्लाय."

"अहो, आपला नियम आहे. एक फिरला की सगळ्यांनी फिरायचं."

त्यांनी नाडी आवळली. वर न बघता म्हणाल्या, "कंडक्टर, परत मोजा बरं."

शिंदे गोंधळले. तरी मोजलं. "एक, दोन, आन् मी तीन."

"बारा दिस झालं ऐकते मी," हौसाबाई म्हणाल्या. "तीनच मोजता तुमी. मंग तीन जावा माघारी."

शिंद्यांनी तिकडे बघायचंच टाळलं. हौसाबाई उठल्या, शाल डोक्यावरून घट्ट बांधली, पदरातला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. "हळू उतरा सर. खिंडीतनं काय आनू तुमाला?"

"काही नको," मी म्हणालो. "माझ्या वाटचं बघून या."

मला रडू आलं. डोकं दुखत होतं म्हणून आलं, असं मी शिंद्यांना नंतर सांगितलं. त्यांनी ते खरं धरलं, चांगला माणूस आहे. दाराबाहेर पांढरं उजाडत होतं. फुर्बाच्या मागे हौसाबाई चढाला लागल्या, हात पाठीमागे बांधून, वाडीवरून तळेघरच्या बाजाराला निघाव्यात तशा.

*

आम्ही दाजूबरोबर आल्या वाटेने उतरलो, जीपने पोखऱ्याला गेलो. हजार मीटर खाली आल्याबरोबर माझं डोकं असं साफ झालं की मलाच राग आला! खिंडीपलीकडे मुक्तिनाथ आहे, तिथून दुसऱ्या दिवशी हौसाबाई आल्या. हातात तीर्थाची बाटली, बूट परत गळ्यात.

मला राहवेना. "कशी होती खिंड?"

"वारं लई. झेंडं हायेत. येक च्याचं दुकान हाय."

"च्याचं दुकान?"

"व्हय. गडी येकलाच ऱ्हातो. पानी खालनं आनतो म्हनला. मी त्याची किटली घासून दिली."

तीस वर्षं मी त्या जागेवर काठी ठेवत होतो, आणि तिथे जाऊन बाईंनी किटली घासली! "अहो, पण दिसत काय होतं? डोंगर? पलीकडचं?"

त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाई सर. पर तुमी म्हनला व्हता, म्हनून समद्या अंगानी फिरून नीट बगितलं. बसून बगितलं. फुर्बा चला चला करीत व्हता, त्याला म्हनलं थांब, सरांचं बगायचं ऱ्हायलंय."

पोखऱ्याहून बसमध्ये चढताना शिंद्यांनी मोजलं. एक, दोन, आन् मी तीन. मग थांबले. हौसाबाई खिडकीशी बसल्या होत्या. शिंदे घसा साफ करून म्हणाले, "चार." डबल बेल काही वाजली नाही त्या दिवशी.

*

सत्काराचं सांगायची इच्छा नाही, पण सांगतो. मी अण्णांना फोनवर दहा वेळा सांगितलं होतं की आम्ही खिंड ओलांडलेली नाही. अण्णा म्हणाले, "सर, इथं कुनाला म्हाईत हाय? पत्रिका वाटल्यात." हॉल भरलेला. स्टेजच्या मागे तोच फ्लेक्स. आमच्या डोक्यावर आमचीच तोंडं.

मला बोलायला उभं केलं. हॉलमध्ये निम्मे माझे विद्यार्थी. मी म्हणालो, "बोर्डवर लिहिलंय ते खोटं आहे. आम्ही तिघंही खिंडीखालून माघारी फिरलो. मी आजारी पडलो. खिंड ओलांडली ती हौसाबाईंनी. त्या मागे बसल्यात, तिसऱ्या रांगेत."

एकदम हशा आणि टाळ्या! "सरांचा मोठेपणा!" कुणीतरी ओरडलं. "सर आजपन जोक करतात!" मी हात वर करून पुन्हा सांगितलं, तर टाळ्या आणखी वाढल्या. तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, आणि खरं बोलल्यावर पडत होत्या!

पहिल्या रांगेतले एक पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात, "सैपाकाला बाई नेली व्हती वाटतं. शाना विचार केला."

हे हौसाबाईंनी ऐकलं. खिंडीखाली वाटली नव्हती इतकी लाज मला वाटली. मी खाली उतरलो, मला दिलेली शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. पाया पडायला वाकलो तर त्यांनी हात धरला.

"सर, गुडगा," त्या म्हणाल्या. "आन् मे म्हयन्यात शाल काय करू?"

तेव्हा कुठे हॉलला कळलं. हळूहळू हसू थांबलं. अण्णा धावत आले, तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, "मावशी, चुकलं. उद्या नवा फ्लेक्स करतो. तुमचा फोटो मदी, मोठ्ठा! ह्यांचे काडून टाकतो!"

"नवा कशाला?" हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी स्टेजकडे बोट केलं. "त्योच द्या की सोडून. दोन खोल्यांचं व्हईल तवा व्हईल, पडवी आत्ताच गळतीया."

*

परवाच्या रविवारी आम्ही तिघं गेलो होतो. पावसाची झड लागलेली. आता किल्ला वगैरे काही नाही, पाऊण तास चालून त्यांच्या पडवीपर्यंत जायचं आणि जेवून परत यायचं, एवढाच आमचा ट्रेक. तरी दमलो. गूळ-पाणी झालं. माकडटोप्या डोक्यावर तशाच ठेवून, ओल्या भिंतीला टेकून आम्ही भाकरीची वाट बघत बसलो.

पुण्याची सात-आठ पोरं-पोरी आधीच जेवायला बसली होती. पडवीला फ्लेक्स ताणून बांधलेला, छापलेली बाजू आतून. वर पाणी तडतडत होतं, खाली एक थेंब नव्हता.

जेवता जेवता एका मुलीने मान वर केली. तिने मोठ्याने वाचलं, "थोरांग ला खिंड यशस्वीरीत्या सर केल्याबद्दल... बाप रे!" मग तिने ते तीन गॉगलवाले, हार घातलेले चेहरे बघितले. आम्ही बरोबर त्याच्या खाली बसलो होतो. तिने आमच्यावरून नजर फिरवली आणि परत फ्लेक्सकडे बघितलं. काही ओळख पटली नाही.

बबनरावांनी कॉलर सारखी केली. शिंद्यांनी टोपी काढली.

"मावशी," तिने विचारलं, "हे कोण हो?"

हौसाबाई भाकरी उलटत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"ती व्हय? माज्यासंगं आल्ती नेपाळाला. मानसं लई चांगली हायेत. दमत्यात जरा."